कप्तान बसतो कोठें?

गेल्या हिवाळ्यांत परतवाड्यास व्यवस्थापन आणि नेतृत्व या विषयावर एक व्याख्यान झालें. वक्ते मोठ्या शहरांतून आलेले, विषयाचे पदवीधर, वाणी ओघवती; पडद्यावर चित्रें दाखवीत त्यांनीं दीड तास श्रोत्यांस जागेवर खिळवून ठेविलें. प्रतिपादनाचा गोषवारा असा कीं, व्यवस्थापन हें शास्त्र आहे आणि शास्त्राला देशकाल नसतो. दवाखाना असो, गिरणी असो कीं गांवची पतपेढी असो, तत्त्वें तींच. संस्था हें जहाज आणि नेता हा त्याचा कप्तान. कप्तान दूरदृष्टीचा असला कीं जहाज तरतें, नसला कीं बुडतें. टाळ्या पुष्कळ झाल्या. समारोपापूर्वीं प्रश्न विचारण्यास अवसर दिला, तेव्हां मागच्या रांगेंतील एक वृद्ध गृहस्थ उठले. अचलपूरच्या गिरणींत त्यांचें आयुष्य गेलेलें. ते म्हणाले, “साहेब, आमच्या मिलचा कप्तान कोन होता? अन् तो कुठी बसे?”

श्रोते हंसले. वक्त्यांनींही स्मित केलें, प्रश्न फार चांगला आहे असें म्हटलें आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. आमच्या मतें त्या दीड तासांत विचारला गेलेला खरा प्रश्न तेवढाच होता, आणि तो अनुत्तरित राहिला म्हणून हा लेख.

कप्तान कसा असावा याविषयीं सांप्रत इतकें लिहिलें जातें कीं, कोणत्याही पुस्तकाच्या दुकानांत जावें तर यशस्वी पुरुषांच्या सवयींचीं पुस्तकें काव्य आणि इतिहास यांना भिंतीकडे रेटून पुढें उभीं असतात. त्यानें पहाटे किती वाजतां उठावें, हाताखालच्या माणसांशीं कसें बोलावें, अपयशाला कोणतें नांव द्यावें, हें सारें त्यांत सांपडतें. परंतु हा कप्तान बसतो कोठें, आणि जहाज बुडूं लागलें तर त्याचे पाय भिजतात कीं नाहींत, हें विचारणारें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं. वऱ्हाडांतील संस्थांची वाताहत कां झाली याचीं जीं उत्तरें आमच्या दिवाणखान्यांतून ऐकूं येतात तीं याच पुस्तकी संस्कारांतलीं आहेत. एक उत्तर असें कीं, सरकारी म्हणून बुडाल्या. दुसरें असें कीं, लायक माणूस मिळाला नाहीं. दोन्ही उत्तरें आळशी आहेत. पहिल्यानें खाजगी धनी निर्दोष ठरतो, दुसऱ्यानें आपण सगळेच निर्दोष ठरतों. परतवाड्याच्या पांच-सात कोसांच्या परिघांत या दोन्ही उत्तरांना खोटें पाडणारा पुरावा उघडा पडलेला आहे. तो पाहण्यास पदवी लागत नाहीं.

परतवाडा हें गांवच मुळीं दूरच्या हुकुमाची निर्मिति आहे. ज्या अचलपुराशीं इमादशाहीचें नांव निगडित, त्याच्या शेजारीं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी पडली आणि तिच्या आश्रयानें ही वस्ती वाढली. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत दिला. पुढें एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून अमरावतींत विलीन करण्यांत आला. कचेरी उठून पन्नास किलोमीटर दूर गेली, एवढेंच वरकरणी घडलें. पण कचेरी उठते तेव्हां केवळ टेबलें-खुर्च्या उठत नाहींत. ज्याला गाऱ्हाणें सांगावयाचें त्याचा उंबरठा उठतो.

दूरच्या माणसानें आपल्या सोयीसाठीं आपल्यास उत्तम व्यवस्था लावून द्यावी, याचा पहिला धडा वऱ्हाडानें कापसाच्या बाजारांत घेतला. देशांतील पहिला नियंत्रित बाजार १८८६ सालीं कारंजास स्थापन झाला आणि १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदाच झाला. हिंदुस्थानांत असा कायदा प्रथम आमच्याकडे झाला याचा अभिमान आम्ही शाळेंतल्या पोरांना शिकवितों. वजनें खरीं झालीं, अडत्यांची मनमानी कमी झाली, हें नाकारण्याचें कारण नाहीं. तथापि हा बाजार कोणाच्या गरजेनें शिस्तीचा झाला? मँचेस्टरच्या गिरण्यांस शुद्ध कापूस वाजवी दरांत मिळावा म्हणून. बाजाराच्या समितींत व्यापारी होते. पिकविणाऱ्याला तेथें बसावयास जागा नव्हती. व्यवस्था निर्दोष असूं शकते आणि तरीही ती ज्याच्या मालावर चालते त्याच्यासाठीं नसूं शकते, ही गोष्ट आमच्या पणजोबांना ठाऊक होती. आज ती व्याख्यात्यांस सांगावी लागते.

आतां शकुंतलेची कथा घ्या. मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद मार्गाच्या गाडीवर भावुक लेख पुष्कळ लिहिले गेले आहेत. आम्हांस त्यांत भर घालावयाची नाहीं. मँचेस्टरांत घडलेलें वाफेचें इंजिन, तें १९९४ सालीं निवृत्त होऊन आलेलें डिझेलचें इंजिन, स्वतःच उतरून तिकिटें देणारा गार्ड, हें सर्व गोड आहे, आणि गोड गोष्टींनीं प्रश्न झांकला जातो. प्रश्न असा कीं, ती गाडी होती कोणाची? मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रजी पेढीनें काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. चालवीत कोण होतें? प्रथम जी. आय. पी. रेल्वे, आणि १९५१ नंतर मध्य रेल्वे. देशांतील लोहमार्ग राष्ट्राचे झाले, हा तेवढा करारानें कंपनीकडे राहिला. करार मुदत संपेल तसा वाढत गेला आणि उत्पन्नांतला वाटा कंपनीच्या पदरीं पडत राहिला.

या रचनेंत प्रत्येकाची बुद्धि शाबूत होती, हें ध्यानांत ठेवावें. कंपनीनें रुळांवर पैसा कां घालावा? गाडी चालो न चालो, करार तिच्या हातांत होता. रेल्वेनें तरी दुसऱ्याच्या रुळांवर पैसा कां घालावा? भुसावळच्या विभागीय अधिकाऱ्याच्या दृष्टीनें ही शाखा तोट्याची एक ओळ होती, आणि तोट्याच्या ओळीवर अधिक खर्च करणारा अधिकारी शहाणा ठरत नाहीं. म्हणजे मालक शहाणा, चालक शहाणा, आणि शहात्तर किलोमीटरचें अंतर कापावयास गाडीला सुमारें चार तास! रूळ जीर्ण झाले म्हणून वेग कमी केला, वेग कमी म्हणून उतारू एस. टी. कडे गेले, उतारू गेले म्हणून उत्पन्न घटलें, उत्पन्न घटलें म्हणून रूळ तसेच राहिले. आणि अखेर गेल्या दशकांत गाडी थांबली ती थांबलीच. या चक्रांत नालायक माणूस दाखवा म्हटलें तर आम्हांस दाखवितां येणार नाहीं. अंजनगांवची जी बाई टोपलींत भाजी घेऊन त्या गाडीनें जात असे, तिचा रुपया-दोन रुपयांचा लाभ ज्याच्या हिशेबांत मोजला जाईल असा एकही माणूस त्या दोन कचेऱ्यांत नव्हता. सरकारी म्हणून बुडाली म्हणाल तर मालक खाजगी होता. खाजगी म्हणून बुडाली म्हणाल तर चालक सरकारी होता. दोघांची जोडी जमली आणि दोघांपैकीं कोणाचाही पाय रुळावर नव्हता.

गिरणीची हकीकत याहून कडू आहे, कारण तेथें पोटाचा प्रश्न होता. अचलपूरची जुनी विदर्भ मिल ब्रिटिश अमदानींत उभी राहिली, आजारी पडली आणि १९७४ च्या राष्ट्रीयीकरणांत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. कालांतरानें तिला टाळें लागलें. मग २०१० च्या सुमारास त्याच महामंडळानें अचलपुरांत नवी यंत्रसामग्री आणून गिरणी पुन्हा उभारली आणि तिला मुंबईच्या परळांतल्या फिनले मिलचें नांव दिलें. नांव परळचें, हुकूम दिल्लीचा, कापूस तेवढा वऱ्हाडचा. तरीही शेंकडों घरांत चूल पेटूं लागली. जुन्या कामगारांचीं पोरें कामावर लागलीं. संध्याकाळच्या पाळीच्या भोंग्याबरोबर परतवाड्याच्या बाजारांत गिऱ्हाईक वाढलें. मार्च २०२० मध्यें साथीच्या टाळेबंदींत महामंडळानें देशांतल्या आपल्या तेवीसही गिरण्या बंद केल्या. टाळेबंदी उठली, गिरण्यांचें टाळें मात्र पुढें वर्षानुवर्षें उठलें नाहीं.

व्याख्यात्यांस आमचें सांगणें आहे कीं, या तेवीस गिरण्यांकडे नीट पाहा. त्यांत कोईमतूरची गिरणी होती, केरळांतली होती, अचलपूरची होती. कोणाची यंत्रें नवीं, कोणाचीं जुनीं. कोणाच्या दाराशीं कापूस, कोणाचा कापूस आगगाडीनें आणावयाचा. कोणाचें सूत खपणारें, कोणाचें पडून राहणारें. परंतु हुकूम एक, तारीख एक. स्थलकालनिरपेक्ष व्यवस्थापनशास्त्राचा याहून शुद्ध प्रयोग कोणता दाखवावा? कापसाच्या राशीच्या मध्यभागीं बसलेली गिरणी आणि कापसापासून शेंकडों कोस दूर असलेली गिरणी यांच्यांतला भेद ज्याच्या कागदावर उमटत नाहीं, तो कितीही विद्वान् असो, त्याला गिरणी चालवितां येत नाहीं. त्याला फक्त ती बंद करतां येते, कारण बंद करण्याला स्थानिक माहिती लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, तुमचा सारा राग अंतरावर आहे. परकी माणसानें काढलेली संस्था कधीं नांदतच नाहीं काय? नांदते, आणि तिचें उदाहरणही विदर्भांतलेंच आहे. जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हां ते मुंबईकर होते, भांडवल बहुतांशीं बाहेरचें होतें. मुंबईंत गिरणी काढण्याची चाल सोडून त्यांनीं नागपूर निवडलें तें कापूस जवळ, कोळसा जवळ, बाजार जवळ म्हणून. गिरणीवर त्यांनीं बेझनजी दादाभाई मेहता यांस नेमलें. हे गृहस्थ रेल्वेच्या मालखात्यांतले. कापडाच्या धंद्याचा गंध नसलेले. आजच्या कसोटीनें त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणींत गळाला असता. परंतु ते नागपुरास राहिले, गिरणीच्या आवाजांत राहिले, आणि निर्णय घेण्याचा अधिकार त्यांच्या हातीं होता. कामगार वारंवार गैरहजर राहतो हें त्यांनीं पाहिलें. पण दंडाचा कोरडा उगारण्याऐवजीं तो कां राहतो हेंही पाहिलें. १८८६ मध्यें निवृत्तिवेतनाचा निधि, १८९५ मध्यें अपघाताची भरपाई, पुढें भविष्यनिर्वाह निधि, अशा सोई कायद्यानें भाग पाडण्याच्या कितीतरी आधीं तेथें आल्या. नव्या रिंग चात्यांचा प्रयोगही याच गिरणींत झाला. टाटा फार उदार होते म्हणून हें झालें असें मानण्याची आमच्याकडे पद्धत आहे. उदार ते असतीलही. पण रोज सकाळीं रिकामीं यंत्रें ज्याला दिसतात त्याला सुचणारी युक्ति आणि महिन्याच्या तक्त्यांत गैरहजेरीचा आंकडा ज्याला दिसतो त्याला सुचणारी युक्ति या एक नसतात. तीच एम्प्रेस मिल १९८६ सालीं राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ सालीं बंद पडली. इमारत तीच होती, शहर तेंच, कापूस तोच.

इतकें लिहिल्यावर आम्हांवर एक आक्षेप येणार, आणि तो योग्य आहे. स्थानिक माणसाच्या हातीं कारभार दिला म्हणजे सगळें सुरळीत होतें काय? मग वऱ्हाडांतल्या सहकारी सूतगिरण्यांचें काय झालें? त्यांचे अध्यक्ष तर आमच्याच गांवचे, आमच्याच सोयऱ्यांतले. कित्येकांच्या वाड्याच्या गच्चीवरून गिरणीचें धुराडें दिसत होतें. नांवें घेण्याची गरज नाहीं. अमरावती-अकोल्याच्या वाचकास तीं पाठ आहेत. कोठें शेतकऱ्याचें भागभांडवल आणि शासनाची हमी घेऊन इमारत उभी राहिली व यंत्रांचें चाक फिरलें न फिरलें तोंच थांबलें. कोठें चार हंगाम चालली आणि मग जमिनीच्या भावाची चौकशी सुरू झाली. एवढें जवळ बसूनही जहाजें बुडालीं!

हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. किंबहुना त्यानें आमचा प्रश्न पुरा होतो. कप्तान कोठें बसतो हें अर्धें. त्याला हिशेब कोण विचारूं शकतो हें उरलेलें अर्धें. दिल्लीच्या साहेबास अचलपूरचा कामगार दिसत नाहीं म्हणून तो त्यास उत्तर देत नाहीं. गांवच्या अध्यक्षास सभासद रोज दिसतो, लग्नाकार्यांत भेटतो, पण तो सभासद त्याच्या देवडीशीं हात जोडून उभा असतो. पोराच्या नोकरीसाठीं, पीककर्जाच्या शिफारशीसाठीं, उसन्या ट्रॅक्टरसाठीं. हात जोडलेल्या माणसास ताळेबंद मागतां येत नाहीं. वार्षिक सभेंत ‘मंजूर, मंजूर’ हा जो गजर आमच्याकडे होतो त्याला सहकार म्हणणें म्हणजे भजनाच्या साथीला टाळकरी चर्चा करितात असें म्हणणें होय. १९७२ पासून चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदींतही हेंच झालें. योजना शेतकऱ्याच्या नांवें, महासंघावर शेतकऱ्यांचेच निवडलेले प्रतिनिधि. आणि केंद्रावर तीन-तीन दिवस बैलगाडी उभी करून प्रतवारीसाठीं ताटकळणारा, चुकाऱ्याच्या दुसऱ्या हप्त्याची वाट पाहणारा तोच शेतकरी. आपलेपणाच्या नात्यानें हिशेबाची जागा भरून निघत नाहीं.

नेत्याचें माहात्म्य गाणारांनीं म्हणूनच एकदां गाडगेबाबांचा कारभार अभ्यासावा. कीर्तन नव्हे, कारभार. १८७६ सालीं शेंडगांवास जन्मलेला हा परीट, अक्षरशत्रु, हातांत खापर आणि खराटा. पूर्णाकाठीं ऋणमोचनचे घाट, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळा, सदावर्तें, वसतिगृहें. एवढा पसारा आमच्या कोणत्या पदवीधरानें उभा केला आहे? आणि त्याची घडी कशी घातली? संस्था विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या, आणि आपल्या नात्यागोत्याच्या माणसाचा त्यांवर अधिकार राहणार नाहीं अशी तजवीज केली. स्वतः त्या धर्मशाळांत वतनदारासारखे राहिले नाहींत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ सालीं त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. ज्यांच्यासाठीं बांधली त्यांच्या हातीं ती असावी, एवढा सरळ विचार. देणगीचा पैसा कीर्तनांत सर्वांसमक्ष मोजला जाई. हें वैराग्य आहे असें म्हणून आम्ही नमस्कार करितों व मोकळे होतों. आमच्या मतें हें वैराग्याइतकेंच व्यवहारज्ञान आहे. ज्या देशांत संस्थापकाचा मुलगा अध्यक्ष, सून सचिव आणि जांवई प्राचार्य होतो, त्या देशांत या निरक्षर माणसानें संस्थेचा रोग रोगी जन्मण्यापूर्वींच ओळखला होता.

येथें आमच्याच प्रतिपादनाला अडचणीचें ठरणारें एक उदाहरण सांगितलें पाहिजे, नाहींतर अप्रामाणिकपणा होईल. परतवाड्यापासून जवळच वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांचें अनाथ दिव्यांग मुलांचें बालगृह आहे. अंबादासपंत वैद्य यांचें नांव तें धारण करितें. रेल्वेस्थानकांवर, कचऱ्याच्या पेट्यांजवळ टाकून दिलेलीं मतिमंद, मूकबधिर, अंध मुलें तेथें वाढलीं. शंभराहून अधिक मुलांच्या नांवापुढें बाप म्हणून शंकरबाबांचें नांव लागलें. २०२४ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली, आणि तेथेंच वाढलेल्या माला या दृष्टिहीन मुलीनें त्याच वर्षीं राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत यश मिळविलें. शासनाचा नियम असा कीं, अठरा वर्षें पूर्ण झालीं कीं मुलानें बालगृह सोडावें. नियम करणाराच्या डोळ्यांपुढें धडधाकट मूल असावें. मतिमंद मुलाला अठराव्या वाढदिवशीं रस्त्यावर सोडणें म्हणजे ज्या कचऱ्याच्या पेटींतून उचललें तेथें पुन्हा नेऊन ठेवणें, हें वझ्झरास राहणाऱ्याला दिसतें, मंत्रालयांतल्या मसुदाकारास दिसत नाहीं. शंकरबाबांनीं मुलें बाहेर काढलीं नाहींत, आणि अशा मुलांचें आजन्म पुनर्वसन व्हावें, तसा कायदा व्हावा, हा आग्रह वर्षानुवर्षें धरिला. नियम मोडण्यांत व्यवस्थापन असतें तें असें.

परंतु वझ्झर हें एका माणसाभोंवतीं उभें आहे. हिशेब विचारणारी सभा तेथें नाहीं; जी मुलें तेथें राहतात त्यांतल्या बहुतेकांस बोलतांच येत नाहीं. तेथें धन्याची करुणा हाच हिशेब. त्या करुणेपुढें आम्ही नतमस्तक आहों. पण शंभर मुलांचें आयुष्य एका वृद्ध माणसाच्या श्वासावर टांगलेलें असावें ही गोष्ट त्या माणसाचा गौरव करून सुटत नाहीं. पद्मश्री देणाऱ्या शासनानें तो आजन्म पुनर्वसनाचा कायदा केला असता तर शाल-श्रीफळाहून तें अधिक शोभलें असतें.

मेळघाटच्या पायथ्याशीं पायविहीर नांवाचें कोरकूंचें लहानसें गांव आहे. परतवाड्याची ओळख सागवानाच्या वखारींची. ज्या जंगलांतून तें लांकूड येई त्या जंगलाच्या कडेच्या गांवांस दीडशें वर्षें जंगल हें साहेबाचें होतें. जें साहेबाचें, तें रात्रीं तोडावयाचें. वनरक्षक एक, कुऱ्हाडी पन्नास. गांवाभोंवतीं खुरटीं झुडपें आणि उघडा मुरूम उरला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २०१२ सालीं पायविहिरीच्या ग्रामसभेस सुमारें एकशें नव्वद हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परतवाड्याच्या ‘खोज’ या संस्थेनें कागदपत्रांच्या कामीं साह्य केलें. त्यानंतर जें घडलें त्यांत चमत्कार कांहीं नाहीं, म्हणूनच तें सांगण्यासारखें आहे. ग्रामसभा बसली. चराई कोठें बंद, कोठें चालू, हें ठरलें. राखणीच्या पाळ्या घराघरांत वांटल्या गेल्या. रोजगार हमींतून समतल चर खणले, रोपें लावलीं. या जंगलांत सीताफळ उदंड. पूर्वीं तें व्यापारी पडत्या भावानें उचलीत असे. आतां ग्रामसभेनें फळांची निवड करून, पेट्या भरून, ‘नॅचरल्स मेळघाट’ या नांवानें तीं मुंबईच्या बाजारांत पाठविलीं. तेंदूपानाचा व्यवहारही ठेकेदाराच्या हातून आपल्या हातीं घेतला. २०१४ सालीं देशाचा जैवविविधता पुरस्कार या गांवास मिळाला.

पायविहिरीचा कप्तान कोण, असें व्याख्यात्यांनीं विचारलें तर गांवकरी गोंधळतील. पुढाकार घेणारे तरुण आहेत, समितीचे पदाधिकारी आहेत. पण पेटीमागें किती रुपये सुटले हें ज्यानें पेटी भरली तो सभेंत विचारतो, आणि उत्तर देणारा त्याच वाटेनें घरीं जाणारा असतो. ज्यानें चोरून झाड तोडलें त्याला पकडणारा वनरक्षक नव्हे, त्याचाच चुलता असतो. त्या लाजेची बरोबरी कोणत्याही दंडसंहितेस करितां येत नाहीं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची कथाही हीच. २००९ सालीं अठराशें हेक्टर वनावर त्या गांवास हक्क मिळाला, तरी आपला बांबू आपण विकण्याचा परवाना हातीं पडण्यास २०११ उजाडलें आणि त्यासाठीं केंद्राच्या मंत्र्यास गांवांत यावें लागलें. हक्क मिळाला, पण हुकुमाची संवय सुटावयास दोन वर्षें लागलीं.

यावरून दूरची सत्ता सर्वत्र त्याज्य, असा अर्थ कोणी काढूं नये. मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प १९७४ सालीं झाला नसता आणि निर्णय केवळ लांकडाच्या वखारवाल्यांवर सोडला असता, तर वाघ आज चित्रांतच पाहावा लागला असता. पण त्याच प्रकल्पाच्या कारभारांत ज्या गांवांस उठवून खालीं वसविलें, त्यांच्याशीं झालेलें बोलणें किती बरोबरीचें होतें, हें विचारण्याचा अधिकार त्या सत्तेचें कौतुक केल्यानें जात नाहीं. वाघ सगळ्या देशाचा आहे हें खरें. घर मात्र एकाच माणसाचें असतें.

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतली मुलें आज मोठ्या संख्येनें या व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्या घेत आहेत. घ्यावी, विद्येला विटाळ नसतो. तक्ता वाचतां येणें, खर्च ओळखतां येणें, माल वेळेवर पोंचविणें, या गोष्टी पायविहिरीसही लागतात, आणि तेथें त्या शिकवावयास कोणी गेला तर त्याचें स्वागतच होईल. आमची तक्रार पदवीविषयीं नाहीं. पदवीधर मुलगा पुण्यास किंवा गुडगांवास बसून एकाच पडद्यावर अचलपूरची गिरणी, नांदेडचा दवाखाना आणि आसामचा चहामळा पाहतो, आणि तिन्ही ठिकाणीं एकच उपाय सुचवितो, याला आपण प्रगति समजतों, याविषयीं आहे. त्याच्या आजोबांनीं तलाठ्याच्या हाताखालीं सात-बारा लिहिला असेल. पण शेत ओलें कीं कोरडें हें त्यांनीं पायांनीं पाहिलेलें असे.

अचलपूरच्या गिरणीविषयीं अजूनही अधूनमधून बातम्या येतात. कधीं ती सुरू होणार म्हणून, कधीं तिची जागा दुसऱ्या कामीं लावणार म्हणून. शकुंतलेच्या रुंदीकरणाच्या घोषणाही निवडणुकीच्या हंगामांत बहरतात. दोन्ही बाबतींत आमची मागणी अत्यंत रुक्ष आहे. गिरणीच्या भवितव्याचा निर्णय ज्या बैठकींत होईल तींत तिच्या कामगारांनीं निवडलेले दोघे आणि पंचक्रोशींतील कापूस उत्पादकांचे दोघे बसावेत, आणि त्यांच्यापुढें गिरणीचे प्रत्येक वर्षाचे जमाखर्च मराठींत मांडले जावेत: कापूस कोणत्या भावानें घेतला, कोठून घेतला, सूत कोणास विकलें, वरिष्ठ कचेरीचा खर्च म्हणून किती वजा झाला. लोहमार्गाचेंही तसेंच. कंपनीस आजवर किती दिलें आणि रुळांवर किती घातलें, हे दोन आंकडे मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगांव आणि अचलपूर येथील नगरपरिषदांच्या दारावर लावावेत.

त्या व्याख्यानाच्या संध्याकाळीं आभारप्रदर्शन चालू असतांना आम्हीं मागें वळून पाहिलें. प्रश्न विचारणारे गृहस्थ निघून गेले होते. बाहेर आलों तेव्हां ते रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेत उभे होते. आम्हीं विचारलें, बाबा, तुम्हीच सांगा ना, कोठें बसत असे तो? ते म्हणाले, “तेच त इचारलं म्या. तीस वर्सं नोकरी केली, पन त्याचं तोंड काई पाह्यलं नाई.”